बाटली रिकामी आली म्हणून पाणी पोटात गेलं असं नाही

माझी मुलगी 'पाणीच पीत नाही' अशी कधीच नव्हती. हे आधी सांगून टाकते, कारण सगळं होऊन गेल्यावरही नगरच्या सावेडीत ओळखीच्या चारजणी भेटल्या की मला हेच ऐकवलं जातं. 'काही मुलांना पाण्याची आवडच नसते हो.' तिला आवड होती. घरी माठाशेजारचं स्टीलचं फुलपात्र ती स्वतः ओढून घ्यायची, निम्मं प्यायची, निम्मं फ्रॉकवर सांडायची आणि पुन्हा मागायची. ही आवड कुठे आणि कशी गेली ते लिहिते आहे.

पाळणाघराचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि मला मॅडमच्या वकील भावाची नोटीस घरी यायला नको आहे. तसंही हा प्रकार त्या एकाच बंगल्यात घडतो असं मी म्हणणार नाही. गुलमोहर रोडला घडत असेल, भिस्तबागेकडे घडत असेल. पुण्यातही घडत असेल, तिथे फक्त फी तिप्पट.

दिसायला जागा झकास होती. भिंतीवर जिराफ, खाली रंगीत फोमच्या चटया, दारात चपलांचा छोटासा रॅक, आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा. कॅमेऱ्याचं तर फी सांगायच्या आधी सांगतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हापासून आपण आईबाप आधी कॅमेरा विचारतो. बरोबरच आहे. पण कॅमेऱ्यात मारलेलं दिसतं. पाणी न दिलेलं कसं दिसणार? मूल बसलेलं दिसतं, खेळताना दिसतं, झोपलेलं दिसतं. सगळं छानच दिसतं.

सकाळी मी पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याची निळी सिपर बाटली, डबा, कपड्यांचे जोड आणि तीन डायपर द्यायचे. संध्याकाळी बाटली रिकामी यायची आणि डायपर दोन शिल्लक यायचे. मॅडम दारातच कौतुक करायच्या, 'तुमची लेक फार शहाणी आहे बरं का. दिवसाला एकाच डायपरमध्ये भागतं. नाहीतर ते बाकीचे बघा!' आता यात कुठल्या आईला संशय येईल? महिन्याच्या शेवटी डायपरचं पाकीट विकत घेणाऱ्या कुणालाही विचारा.

पुढे उन्हाळा लागल्यावर कडक शी व्हायला लागली. लेक रडायची, पाय आखडून धरायची. सासूबाई म्हणाल्या, मैदा बंद कर. मैदा बंद केला. मनुका भिजवून दिल्या, पपई दिली. फरक पडेना. शूचा रंगही गडद, पार हळदीसारखा. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, 'उन्हाळा आहे ना, उष्णता असते अंगात. सब्जा द्या.'

मग एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी नेहमीसारखं फुलपात्र तिच्यापुढे धरलं. तिने हाताने बाजूला सारलं.

'नको. शू येते.'

मी म्हटलं, येऊ दे की, जाऊ मोरीत. तर अडीच वर्षांच्या त्या पोरीने तर्जनी वर केली आणि आवाज बदलून, अगदी मोठ्या बाईसारखं म्हणाली, 'पुन्हा गादी ओली? पुन्हा?' घरात आम्ही कुणी असं बोलत नाही. तिच्या खालची गादी ओली झाली तर सासूबाई गुपचूप रबरी चादर पिळून टाकतात. ते बोट आणि तो सूर कुणाचा, हे मला त्याच क्षणी कळलं, कारण तोच सूर मी रोज संध्याकाळी दारात दुसऱ्या पोरांसाठी ऐकत होते. तिला तहान लागलेली होती. ओठ चाटत होती. फुलपात्राकडे बघत होती आणि हात मागे घेत होती. त्या वयात मूल हिशेब शिकत नाही म्हणतात. ही शिकली होती: पाणी प्यायलं की शू होते, शू झाली की बोट वर होतं.

सोमवारी मी मॅडमना शांतपणे विचारलं. खरोखर शांतपणे, नवरा साक्षीला होता. त्या हसल्या. 'अहो, मुलं काय, काहीही बोलतात. आणि तुमची बाटली तर रोज रिकामी येते ना?' हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. रिकामी बाटली हाच पुरावा, त्यापुढे मी काय बोलणार?

तो पत्ता कसला होता ते कळलं तिथल्या मावशींकडून. भाजी घेताना भेटल्या. मी मुद्दाम काही विचारलं नाही, लेकीची चौकशी त्यांनीच केली. मग म्हणाल्या, 'ताई, मॅडमनी सांगितलंय, जेवणानंतर पाणी द्यायचं न्हाई. झोपंत मुततात पोरं, मंग गाद्या कवा धुवायच्या?' मी विचारलं, आणि बाटलीतलं पाणी? त्या जराशा गोंधळल्या. 'ते तुळशीला घालते की. वाया न्हाई घालवत.'

आता यावर चिडायचं कुणावर? नगरला नळाला दिवसाआड पाणी येतं, मुळा धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी. उकळलेलं, गाळलेलं पाणी मोरीत ओतायला त्या बाईचा हात धजावला नाही. मावशींवर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. डझनभर पोरं एकटीने सांभाळायची, त्यांच्या शीशू काढायच्या, भरवायचं, निजवायचं, आणि पगार असा की तो मॅडम फीच्या पावतीवर कधी छापणार नाहीत. वरून हुकूम आला तर त्या काय करणार? पण मॅडमना मात्र सगळं ठाऊक होतं. पाणी देण्याचा विसर पडत होता म्हणावं, तर तसंही नाही. नियम ठरवून केलेला होता, आणि तो गाद्या धुण्याचा त्रास वाचवायला केलेला होता. या सबंध प्रकरणातून मी काही शिकले असेन तर हेच. पाळणाघरात मूल तहानेलं राहतं ते बहुतेक वेळा शू आवरावी लागते म्हणून. पाण्याबद्दल कितीही विचारा, गोड उत्तर मिळेल. शूबद्दल विचारा, मग चेहरा बघा.

दुसरी जागा शोधायला लागले. मार्च-एप्रिलात जागा मिळते कुठे? शाळांचे प्रवेश, सगळीकडे 'जूनमध्ये बघू'. माझी नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत. २०१७ मध्ये प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला बघता येतं. कायदा छान आहे. आमच्या कारखान्याच्या रजिस्टरवर मात्र ५० माणसं कधी होतच नाहीत, गेटातून सकाळी कितीही आत जावोत. जाऊ दे, तो वेगळा विषय.

एप्रिल २०२५ मधली ती दुपार. पालकांच्या ग्रुपवर साडेबाराच्या सुमारास फोटो आले: 'समर फ्रूट्स डे'. कुणी आंबा, कुणी द्राक्षं, माझी लेक कलिंगड. कागदाचा हिरवा-लाल मुकुट डोक्यावर आणि खाली अर्धवट मिटलेले डोळे. मी ऑफिसातून विचारलं, झोप आली आहे का तिला? उत्तर म्हणून अंगठा आला. नुसता अंगठा. नंतर कळलं ते असं की, फोटोच्या आधीच तिला दोनदा उलटी झाली होती. मुकुट त्यानंतर घातला. आधी तोंड पुसलं आणि मग कलिंगड केलं.

चारच्या पुढे निरोप आला: 'बेबी थोडी डल वाटतेय. वेळ मिळाल्यावर या.'

वेळ मिळाल्यावर! फोन नाही, निरोप. उलटीचा शब्द नाही, जुलाबाचा शब्द नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सरांनी तो वाचून म्हटलं, 'काही विशेष दिसत नाही, पाचला निघा.' मी तडक निघाले, मनमाड रोडच्या ट्रकांमधून गाडी हाणत. गेले तर लेक कोपऱ्यात चटईवर. मला बघून रडायला लागली, पण आवाज घोगरा, आणि डोळ्यांत टिपूस नाही. मूल तोंड वेडंवाकडं करून रडतं आहे आणि गाल कोरडे आहेत, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी सांगू शकत नाही. उचलली तर डायपर हलका. सकाळी मी घातलेला तोच, त्यावर मी पेनने केलेली खूण होती. त्या रविवारपासून मी खुणा करत होते.

तिथून थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, घडी तशीच राहिली आणि मग सावकाश विरली. जीभ पाहिली. मग मला विचारलं, 'शेवटची शू कधी झाली?' मी म्हटलं, विचारून सांगते. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, 'झाली असेल की सकाळी.' उलट्या किती? 'एक-दोन असतील.' जुलाब? 'थोडी पातळ होती.' किती वाजता? 'ते आता कसं लक्षात राहणार, माझ्याकडे वीस मुलं आहेत.' मग एकदम जोर येऊन, 'पण आम्ही तिला ओआरएस पाजलं होतं हं! दुकानातून आणून!'

ते ओआरएस म्हणजे सफरचंदाच्या चवीचं टेट्रा पॅक. रिकामं खोकं त्यांनी निघतानाच पुरावा म्हणून मला मुद्दाम दिलंही होतं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, हे सरबत आहे. पोट बिघडलेलं असताना एवढी साखर आतड्यात गेली की ती अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढते. जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात.

तेव्हा अशा खोक्यांवर ठळक अक्षरांत ओआरएस लिहिलेलं सर्रास असायचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढत होत्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने असल्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि त्याहून जास्त संताप आला, कारण मॅडम आजही म्हणतील, 'आम्ही तर ओआरएस दिलं होतं.' त्या वेळी नियमात बसत होतं ना!

रात्रभर सलाईन लागलं. त्या इवल्याशा हाताची शीर सापडेना, ते मी लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, साथीचे जुलाब आहेत, सध्या रोज येताहेत पेशंट. पण बाकीची मुलं ओआरएसच्या पुडीवर घरी बरी होतात, ही आडवी झाली, कारण ती आधीपासूनच कोरडी होती. कडक शी, गडद शू, सगळं त्यातलंच.

मॅडम दवाखान्यात आल्या नाहीत. फोनवर मात्र पहिलं वाक्य 'कशी आहे?' हे नव्हतं. पहिलं वाक्य होतं, 'घरूनच काहीतरी खाऊन आली असेल.' दुसरं, 'ग्रुपवर लिहू नका, बाकीचे पालक उगाच घाबरतात.' मी लिहिलं. फक्त एवढंच, की माझ्या मुलीला जुलाब-उलट्या झाल्यात, आपापल्या मुलांकडे लक्ष द्या. पंधरा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. आगाऊ भरलेली फी आणि डिपॉझिट आजतागायत मिळालेलं नाही. 'नियमाप्रमाणे एक महिन्याची नोटीस लागते' म्हणे. लेक सलाईनवर असताना मी नोटीस टाईप करत बसायला हवं होतं!

आणि मग ते, 'नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलांचं असंच होतं.' हे म्हणणाऱ्या बाईंची स्वतःची नात अमेरिकेत डे-केअरला जाते. तिथे तिचा रोज रिपोर्ट येतो, काय खाल्लं, किती वेळा डायपर बदलला, सगळं. त्याचं त्या कौतुकाने सांगतात. इथे तेच मागितलं की मी 'अति करणारी'.

असो. जे कामाचं आहे ते लिहिते.

पाणी किती प्यायली हे विचारू नका. शू किती वेळा आणि कितीच्या सुमाराला, हे विचारा. बाटलीला पाय फुटतात, शूला फुटत नाहीत. जागेपणी दर तीन-चार तासांत एकदा तरी व्हायलाच हवी, फिकट पिवळी. चार तास झाली नाही तर पाळणाघराने मला फोन करायचा, सहा तास झाली नाही तर मी वाट न बघता डॉक्टरकडे, हा आता आमचा नियम आहे आणि तो डॉक्टरांना विचारून केलेला आहे. डायपरवर सकाळी पेनने बारीक खूण करा. कुणावर अविश्वास दाखवायचा म्हणून नाही, स्वतःची खात्री म्हणून. खरं सांगायचं तर अविश्वास म्हणूनच.

प्रवेश घेतानाच तोंडावर सांगा, 'डायपर जास्त लागले तर मी आणून देईन, कपडे ओले झाले तर तसेच पिशवीत टाका, धुवायचे नाहीत, गादीवर घालायला रबरी चादर मी देते.' त्यांच्या डोक्यावरचं धुण्याचं ओझं उतरलं की पाण्यावरची बंदी निम्मी तिथेच उठते. हे मला फार उशिरा सुचलं, पण नव्या जागी याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच भांडणाचा झाला नाही. आणि शूची सवय लावताना मुलाला ओरडायचं नाही, हे स्वतंत्र सांगा. घरातल्यांनाही सांगा. ओरडा खाल्लेलं मूल शू थांबवत नाही, पाणी थांबवतं. माझ्या लेकीला पुन्हा मोकळेपणी प्यायला लागायला पावसाळा उजाडला.

'तहान लागली की मागेल' हे मोठ्यांचं शास्त्र आहे. दोन वर्षांचं मूल खेळात असलं की मागत नाही, आणि वीस मुलांत मागितलं तरी ऐकू जात नाही. त्यात आपली नगरची उन्हाळ्याची हवा कोरडी, घाम अंगावर दिसायच्या आत वाळून जातो. मुंबईचं मूल चिंब दिसतं म्हणून कुणी तरी पंख्याखाली घेतं, आपलं मूल कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून वेळा बांधून द्या: आल्याबरोबर, खाऊनंतर, जेवताना, झोपून उठल्यावर, घरी निघण्याआधी. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, त्याची आपल्याकडेही चर्चा झाली. पाळणाघराला घंटासुद्धा नको, मोबाईलचा गजर पुरतो. सगळ्यांनी एकदम प्यायलं की हट्टी मूलही पितं.

दहा किलोच्या मुलाला दूध, ताक, वरणाचं पाणी सगळं धरून दिवसाला साधारण लिटरभर लागतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. नऊ ते सहा ते तिथे असेल तर त्यातलं निम्मं तरी तिथेच पोटात जायला हवं. एवढा हिशेब मॅडमलोकांना करून दाखवला की त्या जरा सावध होतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मात्र वरचं पाणी अजिबात नाही, उन्हाळा असला तरी दूधच, ते जास्त वेळा. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणतात, तरी कुणीतरी आजी चमचा घेऊन तयार असतेच.

सिपरच्या भानगडीत पडू नका. तो निळा सिपर मी नंतर स्वतः तोंडाला लावून ओढून पाहिला. झडप इतकी ताठ की माझेच गाल आत गेले. नळीच्या आत काळी बुरशी धरते ती वेगळीच, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवा म्हणजे दिसेल. छोटा स्टीलचा पेला द्या, त्यात दोन घोट ओतून हातात द्या. सांडेल. सांडू दे. संध्याकाळी ताक, काकडी, कलिंगडाची फोड डब्यात चालते. फळांच्या रसाची खोकी चालत नाहीत, त्यावर आंबा काढलेला असो की डॉक्टर.

आता पुडीचं. घरात आणि पाळणाघरात साधी डब्ल्यूएचओ सूत्राची ओआरएसची पुडी असलीच पाहिजे. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीची असते ती २०० मिलीतच. पुडीवर लिहिलेलं वाचा. मोठी पुडी एका ग्लासात कालवणारे लोक मी पाहिलेत, ते धोक्याचं आहे. मीठ जास्त होतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हेही नाही. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. पुडीत एका लिटरला ग्लुकोज अवघं १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं, चव लागत नाही म्हणून वर साखर घालायची नाही. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने, घाई न करता. बहुतेक जण इथेच हरतात, 'पोटात काही ठरत नाही' म्हणून बंद करतात. जुलाबात डॉक्टर झिंकच्या गोळ्या देतात त्या १४ दिवसांच्या असतात, जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

ही पुडी काय चीज आहे हे मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले होते त्या रात्री नवऱ्याने मला वाचून दाखवलं. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. हजारो माणसं वाचली. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं. छावणीत चिखलात बसलेल्या अडाणी बायकांना जमलं ते आमच्या डिप्लोमा लावलेल्या मॅडमना जमलं नाही.

आई-वडिलांना कळवणं म्हणजे काय, हे लेखी ठरवा. फोटो म्हणजे कळवणं नाही. एक उलटी झाली की फोन. दुसरी पातळ शी झाली की फोन. औषध कुठलंही, तापाचंसुद्धा, विचारल्याशिवाय नाही, आणि दिलं तर किती आणि कितीला हे लिहून. मूल सुस्त पडलं, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, तान्ह्याची टाळू बसली, तर माझ्या येण्याची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्यायचं, खर्च माझा. फोन करायचा, निरोप नाही. आईने उचलला नाही तर बाबांना, बाबांनी नाही तर आजोबांना. नंबर भिंतीवर लावा. एक साधी दोनशे पानी वही पुरते: तारीख, शू, शी, पाणी, दूध, काही झालं असेल तर वेळ. मावशींना लिहिता येत नसेल तर रेघा मारू दे. नव्या जागी मावशी रेघाच मारतात, पाचवी रेघ आडवी. मला कुठलाही अॅप त्यापेक्षा जास्त सांगत नाही.

जागा बघायला जाल तेव्हा जिराफ बघू नका. मोरी बघा. मुलांच्या उंचीला आहे का, साबण आहे का, डायपर बदलायची जागा ओट्यापासून लांब आहे का. आणि गच्चीवर नजर टाका. चिमुकल्या चड्ड्या ओळीने वाळत असतील तर जागा चांगली आहे, तिथे मुलं पाणी पितात. वीस मुलं आणि दोरी रिकामी, तर मुकाट खाली उतरा.

परवा जुन्या पाळणाघरातल्या एका आईचा फोन आला. तिचा मुलगा अजून मॅडमकडेच आहे. कुणाकडून तरी माझा नंबर घेतला होता. हळू आवाजात विचारत होती, खरंच तसं झालं होतं का, कारण तिलाही हल्ली दोन डायपर शिल्लक परत मिळतात. मी म्हटलं, उद्या दारात उभं राहून एवढंच विचार की आज शू किती वेळा झाली. ती म्हणाली, 'पण मॅडमना वाईट वाटेल हो.'

वाटू दे की.